कोरड्या आठवड्याचा अंदाज आला. सोयाबीन, द्राक्ष आणि हरभऱ्याची कामं कशी लावायची?

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. बार्शी तालुक्यात शेती. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा तोंडावर आलाय. सोयाबीन कापणीला आलंय, एक एकर द्राक्षबाग गोडी छाटणीनंतर (घड धरण्यासाठीची छाटणी) पाच-सहा पानांवर आहे, आणि सोयाबीन निघालेल्या रानात हरभरा पेरायचा आहे. हवामान खात्याचा अंदाज सांगतो की पुढचे सात दिवस हवामान कोरडं, आकाश मुख्यतः निरभ्र आणि तापमान सरासरीच्या आसपास राहील. मग मजूर सांगून ठेवू का, द्राक्षाची फवारणी या आठवड्यात वाचेल का, कोकणात देवगडला असलेल्या मेहुण्यांनाही हाच अंदाज लागू धरायचा का, आणि मुळात हा अंदाज सात दिवस टिकेल का?

मजूर सांगून ठेवा. हरभऱ्याच्या तयारीलाही लागा. द्राक्षाच्या फवारणीचा निर्णय मात्र या अंदाजावर सोडू नका, कारण तुम्हाला हवी ती माहिती त्यात नाही. कृषी-हवामान सल्ले लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं बहुतेक नुकसान दिवसा न दिसणाऱ्या पाण्यानं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून उत्तर थोडं लांबेल.

हवामान खात्याचा कोरडेपणा पर्जन्यमापकाशी बांधलेला असतो. सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोजतात आणि ते मागच्या चोवीस तासांच्या नावावर जातं. विभागातल्या एकाही केंद्रावर पाऊस नोंदला गेला नाही तर हवामान कोरडं. पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडला तर 'तुरळक ठिकाणी', त्यापुढे पन्नास टक्क्यांपर्यंत 'काही ठिकाणी', अशी ही वाटणी आहे. पावसाचा दिवस मोजायचा तर किमान २.५ मिलिमीटर पडावा लागतो. दव या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहतं. चांगलं भरघोस दव पडलं तरी एका रात्रीत ते साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतं, त्यामुळे मापकात त्याची दखल घेण्यासारखं काही जमत नाही. पण तेच अर्धा मिलिमीटर पाणी पानावर, शेंगेवर, कापून पसरलेल्या पिकावर रात्री अकरापासून सकाळी आठ-नऊपर्यंत बसून राहतं. बुरशीला एवढा वेळ पुरतो.

या दिवसांत दव इतकं का पडतं? मान्सून नुकताच परतलेला असतो. जमिनीत ओल आहे, ओढे-विहिरी भरलेल्या आहेत, उसाला आणि बागांना पाणी चालू आहे, त्यामुळे जमिनीलगतच्या हवेत बाष्प भरपूर असतं. वर आकाश मोकळं. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणजे जमिनीला उष्णता सोडायला साडेबारा तासांची रात्र मिळते. वारा पडलेला असला की थंड झालेली हवा खालीच साचते आणि वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. दिवसा मोकळं, प्रसन्न वाटणारं हवामान रात्री दवाला सर्वांत अनुकूल असतं ते याच कारणानं. निरभ्र आकाश आणि मंद वारा हे दोन शब्द अंदाजात एकत्र दिसले की मी आधी दवाचा विचार करतो.

दव पडेल की नाही हे आदल्या संध्याकाळी बऱ्यापैकी ओळखता येतं. त्यासाठी दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. मोबाइलवरच्या बहुतेक हवामान ॲपमध्ये तो दिसतो, आणि बागेत स्वतःचं हवामान केंद्र असेल तर उत्तमच. संध्याकाळी सहाचा दवबिंदू घ्या आणि पहाटेचं अपेक्षित किमान तापमान घ्या. दवबिंदू १८ आणि किमान तापमान १७ असेल तर दव नक्की. किमान १९ किंवा २० असलं तरी धोका आहे, कारण मोकळ्या रात्री पान भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार होतं. दवबिंदू ११ आणि किमान १७ असेल तर मात्र रात्र खरोखर कोरडी जाईल. पहिली स्थिती आग्नेयेकडून दमट वारा येत असताना असते, दुसरी उत्तरेचा वारा स्थिरावल्यावर. अंदाजात दोन्ही आठवडे 'कोरडे'च छापले जातात. बागायतदारासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता तापमानाच्या आकड्याबद्दल. सरासरीच्या आसपास म्हणजे सरासरीपेक्षा साधारण दीड अंश वर-खाली. तुमच्याकडे या दिवसांत दुपारी तीस-बत्तीस आणि पहाटे सतरा-अठरा असं धरून चाला. हा आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. शांत, निरभ्र रात्री गवताच्या उंचीवर त्याहून तीन ते पाच अंश कमी असू शकतं. शिवाय गार हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर राज्यातली सर्वांत कमी तापमानं वारंवार नोंदली जातात, त्यात गोदाकाठच्या सखल, मोकळ्या रानाचा वाटा मोठा आहे. पुण्यातही पाषाण आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात एकाच पहाटे चार-पाच अंशांचा फरक सहज असतो. तुमच्या शिवारात ओढ्याकडेचा तुकडा असेल तर तिथे दव आधी पडेल, जास्त पडेल आणि उशिरा उठेल. बाग त्या तुकड्यात असेल तर अंदाजातलं किमान तापमान आणखी दोन अंश खाली धरा.

अजून एक गोष्ट बार्शीकरांनी ध्यानात ठेवायला हवी. हवामान खात्याच्या विभागणीत सोलापूर जिल्हा मध्य महाराष्ट्रात येतो, म्हणजे नाशिक, पुणे आणि महाबळेश्वरच्या बरोबर. तुमचं हवामान मात्र शेजारच्या धाराशिवसारखं, मराठवाड्याच्या जवळचं. 'मध्य महाराष्ट्रात कोरडं' हे वाचून थांबू नका. मराठवाड्याची ओळही वाचा, आणि दोन्हींत फरक असेल तर मराठवाड्याच्या ओळीला जास्त वजन द्या. तालुक्याचा अंदाज मेघदूत ॲपवर मिळतो, आणि कृषी-हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. २०२५च्या मे महिन्यात सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या चौकटींवर गणित करते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) ती विकसित झाली आणि आधीच्या बारा किलोमीटरच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. तरी सहा किलोमीटरच्या एका चौकटीत तुमचा माळ आणि तुमचा ओढा दोन्ही बसतात. तेवढा शेवटचा फरक शेतकऱ्यानंच करायचा असतो.

सोयाबीनकडे येऊ. पानं गळून नव्वद-पंचाण्णव टक्के शेंगा तपकिरी झाल्या असतील तर थांबण्यात फायदा नाही. कोरड्या आठवड्यात सोयाबीनला धोका आहे तो शेंगा तडकण्याचा. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान आर्द्रता सर्वांत खाली येते, शेंगेची साल ताणली जाते आणि विळा लागला तरी दाणे उडतात. पहाटेच्या दवानं शेंगा किंचित नरमलेल्या असतात, म्हणून कापणी सकाळी उरकावी. तुमच्याकडचे मजूर लवकर येऊन अकराच्या आत मोठा पट्टा पाडतात, ते अगदी बरोबर करतात. मळणी त्याच्या उलट, दुपारची. दव पूर्ण उठून काड खडखडीत वाजायला लागली की मळणीयंत्र लावा. सकाळी लावलं तर शेंगा नीट फुटत नाहीत, दाणा काडाबरोबर जातो आणि मग माणसं ड्रमचा वेग वाढवतात. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर वेग मिनिटाला साडेतीनशे ते चारशे फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका. सोयाबीनची साल पातळ असते, आणि आतली इजा डोळ्यांना दिसत नाही, ती पुढच्या जूनमध्ये उगवणीत दिसते.

गंजीबाबत (तुमच्या भागात बनीम म्हणतात) माझा अनुभव सांगतो. लोक संध्याकाळी ताडपत्री टाकतात, हे चांगलंच. पण हवामान कोरडं आहे म्हणून ती दोन-दोन दिवस काढत नाहीत. आतल्या ओलसर काडातून वाफ वर येते, रात्री ताडपत्री गार पडते, खालच्या अंगाला पाणी धरतं आणि वरचा थर भिजतो. चार दिवसांनी मळायला काढलं की वरचा दाणा काळपट निघतो, आणि पाऊस तर पडलाच नव्हता म्हणून कोणाला कारण उमगत नाही. रोज सकाळी नऊ-साडेनऊला ताडपत्री उघडायची, दुपारभर गंजी वाऱ्याला लावायची, सूर्य कलला की झाकायची. मळलेल्या दाण्याचंही तसंच. खळ्यावर पातळ पसरून दोन-तीन दिवस ऊन द्या, पण पाचच्या आत गोळा करून झाका. उघडा राहिलेला वाळका दाणा पहाटेच्या दमट हवेतून ओल परत ओढून घेतो आणि दिवसभराची कमाई जाते. खरेदी केंद्रावर बारा टक्के ओलाव्याचं बंधन असतं. दुपारची हवा एवढी कोरडी असताना ते गाठणं अवघड नाही, फक्त रात्री राखल्या पाहिजेत.

द्राक्षाचा मुद्दा सगळ्यांत नाजूक. पाऊस नाही म्हणजे डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) नाही, ही समजूत बागायतदारांत खोलवर रुजली आहे. डाऊनीच्या बुरशीला पाऊस लागतो असं नाही, तिला पानावर पाणी लागतं, आणि ते दवाचं असलं तरी चालतं. रात्रीच्या अंधारात, हवा जवळजवळ संपृक्त असताना, चार तासांहून जास्त वेळ मिळाला की पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी बीजाणू धरते. त्यासाठी तिला सर्वांत मानवतं ते अठरा ते बावीस अंशांचं तापमान. आपल्याला अंगावर सुखद वाटणारी रात्र ती हीच. कडाक्याची थंडी पडली असती तर बुरशी मंदावली असती. सौम्य आठवड्यात ती मंदावत नाही. तुमची बाग पाच-सहा पानांवर आहे, घड बाहेर पडत आहेत. इथून फुलोऱ्यापर्यंतचा काळ असा आहे की आज पानावर दिसलेला तेलकट डाग थोड्याच दिवसांत घडावर दिसू शकतो, आणि घड गेला की औषधानं परत येत नाही.

म्हणून या आठवड्यात फवारणीचा निर्णय पावसाच्या अंदाजावर घेऊ नका, सकाळी आठ वाजता बागेत जाऊन घ्या. ओढ्याकडच्या ओळी, झाडांच्या सावलीतल्या ओळी आणि कांडी दाट असलेल्या जागा आधी बघा. आठलाही पानाच्या कडेला थेंब असतील आणि जुना डाग कुठेही सापडला असेल तर बाग धोक्यात धरा. डाग नसेल, दव सातच्या आत उठत असेल, दवबिंदू खाली असेल, तर एखादी फवारणी खरोखर वाचू शकते. पैसे वाचवण्याची संधी उत्तरेचा वारा देतो, नुसतं मोकळं आकाश देत नाही. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानावर आधारित सल्ला काढतं. कोणतं औषध, किती आणि काढणीपूर्वी किती दिवस, हे तिथूनच घ्या. मी इथे नावं देत नाही, कारण निर्यातीच्या बागेत ती यादी दर हंगामाला तपासावी लागते. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाकडेही लक्ष असू द्या. तिला पानावर पाणी लागतच नाही, दमट आणि सौम्य हवा पुरते, त्यामुळे कोरडा आठवडा तिचाच.

फवारणीच्या वेळेबद्दल दोन शब्द. वारा पडलेला असतो म्हणून लोक भल्या पहाटे ब्लोअर बाहेर काढतात. त्या वेळी पान ओलं असतं, औषध पातळ होऊन ओघळतं. शिवाय थंड हवा खाली आणि गरम वर अशी स्थिती असताना बारीक थेंब खाली बसत नाहीत, जमिनीला समांतर तरंगत शेजारच्या रानात जातात. दव उठल्यावर साडेआठ ते अकरा, किंवा दुपारी चारनंतर पान कोरडं व्हायला तासभर मिळेल अशा बेतानं फवारा. बागेला पाणी संध्याकाळी सोडायची सवय असेल तर ते सकाळी न्या. संध्याकाळचं पाणी रात्रभर ओळींमध्ये बाष्प सोडत राहतं आणि दवाचे तास वाढवतं.

हरभऱ्याला हा आठवडा मानवणारा आहे. पाऊस थांबून किती दिवस झाले आणि जमीन किती भारी, यावर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ठरतो. हलकं रान दोन-तीन दिवसांत येतं, भारी काळ्याला पाच ते सात दिवस लागतात. अंदाज सात दिवसांचा कोरडा आहे म्हणून भारी रान ओलं असतानाच पेरलं तर बी चिखलात दबतं, वरून ऊन लागून पापुद्रा धरतो आणि उगवण विरळ होते. वितभर खालची माती मुठीत दाबा, गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोकरल्यावर फुटला पाहिजे. तो दिवस आला की मात्र थांबू नका. मोकळ्या उन्हात आणि वाऱ्यात हिरव्या पिकाखालच्या रानातून या दिवसांत दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास पाणी जातं. मोकळ्या रानातून कमी जातं, पण जातं ते नेमकं वरच्या थरातून, जिथे बी पडणार असतं. सोयाबीननंतर खोल नांगरट करून ओल उडवू नका, कुळवाची एक पाळी पुरे. तापलेल्या जमिनीत पेरलेल्या हरभऱ्यात मर (रोप वाळवणारा रोग) जास्त दिसते. दुपारचं तापमान पस्तिशीकडे नसून तीस-बत्तीसवर आहे, ही तुमच्या बाजूची गोष्ट. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) लावल्याशिवाय पेरू नका.

तुमच्या शेजाऱ्यांच्या कोरडवाहू ज्वारीला मात्र हा आठवडा तितका गोड नाही. आपल्याकडे 'पडल्या स्वाती तर पिकतील माणिक मोती' म्हणतात, आणि सूर्य स्वाती नक्षत्रात साधारण २४ ऑक्टोबरला जातो, म्हणजे नेमका हाच आठवडा. ज्वारीच्या दृष्टीनं स्वातीची एक हलकी सर हवीच होती. ती येणार नसेल तर कोळपणी करून भेगा बुजवणं एवढंच हातात आहे. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे जुन्या लोकांचं गणित जमिनीच्या विज्ञानाला धरून आहे: वरचा थर भुसभुशीत झाला की खालची ओल वर चढायची वाट तुटते.

देवगडचं सांगतो. मेहुण्यांना कोरडं हवामान लागू, सौम्य नाही. मान्सून परतल्यावर कोकणात वारा पूर्वेकडून यायला लागतो. देशावरची हवा सह्याद्री उतरून खाली येते तेव्हा दाबली जाऊन तापते, दर शंभर मीटरला जवळपास एक अंश. हा जमिनीकडचा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा आत यायला उशीर होतो, आणि किनाऱ्यावरही पारा पस्तिशीकडे जातो. मुंबईची ऑक्टोबरची काहिली याच कारणानं. भाताची कापणी आणि झोडणी यांना हा आठवडा उत्तम, दुपारी उन्हात काम करणाऱ्या माणसांना मात्र त्रासाचा. दव तिथेही पडेल, तेव्हा कापलेलं भात पेंढ्या बांधण्याआधी सकाळी वाळू द्यावं. हापूसच्या मोहोराची आशा या आठवड्यावरून धरू नये. त्यासाठी रात्रीचा पारा विशीच्या खाली सलग काही दिवस उतरावा लागतो, आणि ते कोकणात बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धानंतरचं काम.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न, अंदाज टिकेल का. पहिल्या तीन-चार दिवसांवर मी कामं बेधडक लावीन. पाचव्या दिवसापासून पुढे रोज अंदाज पुन्हा बघेन, आणि बघताना नजर आपल्या आकाशाकडे कमी, बंगालच्या उपसागराकडे जास्त ठेवीन. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथल्या कमी दाबांचा आणि वादळांचा हंगाम आहे, आणि तुमचा सोलापूर-धाराशिवचा पट्टा त्यांच्या वाटेत येतो. २०२०मध्ये १३ ऑक्टोबरला एक खोल कमी दाबाचं क्षेत्र आंध्रात काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं. १४ तारखेला त्याचा पाऊस सोलापूर, पंढरपूर, इंदापूर या भागावर कोसळत होता आणि त्यानंतर भीमेला पूर आला. किनाऱ्यापासून तुमच्या बांधापर्यंत त्याला एखाद-दुसरा दिवसच लागला. दुसरी वाट पश्चिमेकडची. २६ नोव्हेंबर २०२३ला पश्चिमी चक्रावाताचा (पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी पावसाळी प्रणाली) प्रभाव आणि दमट वारे एकत्र आले, निफाड परिसरात गारा पडल्या आणि ऐन हंगामातल्या द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. त्या दोन्ही वेळा इशारे आधी निघाले होते. ते किती शेतकऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचले आणि किती जणांना त्यावर काही करण्याची सवड मिळाली, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

हवामान खातं उपसागर आणि अरबी समुद्राची स्थिती रोज प्रसिद्ध करतं, आणि दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत कुठे कमी दाब तयार होण्याची शक्यता आहे ते सांगतं. गुरुवारचं ते पत्रक वाचायची सवय लावा. त्यात आंध्र किनाऱ्याचा उल्लेख दिसला तर तुमचा अंदाज कितीही कोरडा असला तरी सावध राहा. शेतातही खुणा दिसतात, आणि त्यांतली सर्वांत आधीची पहाटेची आहे. चार-पाच दिवस सारखा पडणारा गारठा एका रात्रीत दोन-तीन अंशांनी कमी झाला, दव पडलंच नाही, तर खूश होऊ नका. वर पातळ ढगांचा थर आला आहे आणि तो जमिनीवर गोधडीसारखा पसरून उष्णता अडवतो आहे, किंवा वारा फिरून आग्नेयेकडून यायला लागला आहे. त्याच संध्याकाळी चंद्राला खळं दिसलं, पिसासारखे ढग पूर्वेकडून सरकताना दिसले, तर पुढचे दोन दिवस उघड्यावर काही ठेवायचं नाही. उलट वारा उत्तरेकडून येऊन पहाट आणखी गार झाली, दुपारी ओठ फुटायला लागले, तर कोरडेपणा पक्का.

यावरून मजुरांचं गणित असं बसतं. मजूर मिळतात म्हणून एका दमात सगळं सोयाबीन पाडू नका. इशारा हाती येणं आणि पाऊस बांधावर येणं यांत भरवशाचे म्हणावेत असे दोन ते तीन दिवसच मिळतात. मळणीयंत्र दोन दिवसांत जेवढं उरकू शकेल तेवढंच कापून ठेवायचं, ते मळून झाकलं की पुढचं पाडायचं. उभं सोयाबीन एखादी सर सोसतं. पाडलेलं सोसत नाही, आणि शेंगा भिजून पुन्हा उन्हानं तापल्या की दाणे शेंगेतच कोंब धरतात. यंत्रवाल्याला आजच फोन करून त्याची तारीख घ्या आणि कापणी त्या तारखेच्या आदल्या दिवशी सुरू करा.